बालनाट्य घेऊन झाडीपट्टीत: जुलैच्या अर्जापासून फेब्रुवारीच्या हिशोबापर्यंत

२०२४-२५ च्या शाळेच्या वर्षात आम्ही आमचं बालनाट्य घेऊन झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड-सिंदेवाहीपासून गडचिरोलीतल्या भामरागडपर्यंत फिरलो. जिल्हा परिषदेच्या शाळा, काही आश्रमशाळा आणि तालुक्याच्या गावातल्या थोड्या खासगी शाळा. दौरा संपल्यापासून ओळखीचे नाट्यगट विचारताहेत की परवानगी कोणाकडून घेतली, पैसे कुठून आणले, बायका राहिल्या कुठे. म्हणून सगळं ओळीनं लिहून काढते आहे. निघायच्या आधी मला असं काही वाचायला मिळालं असतं, तर जुलै-ऑगस्टमधली धास्ती बरीच कमी झाली असती.

आमचा गट ब्रह्मपुरीचा. पाच नट, एक ढोलकीवाला आणि एक गाडीवाला दादा. नाटक पन्नास मिनिटांचं. गावातला मामा तलाव आटत चाललाय आणि त्यातले बेडूक, कासव, बगळा आपापसात भांडत त्यावर उपाय शोधताहेत, अशी गोष्ट. माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या जमीनदारांच्या काळातले तलाव, तेच मामा तलाव, हे आमच्याकडच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्या धानाच्या बांध्यांना पाणी तिथूनच येतं. मी बगळा होते आणि दौऱ्याची सगळी कागदपत्रंही माझ्याकडेच होती.

सुरुवात संहितेच्या प्रमाणपत्रापासून करा. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर मुंबईच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता मंजूर करून घ्यावी लागते, मुलांचं नाटक असलं तरी. आम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात अर्ज केला, प्रमाणपत्र हातात आलं ते ऑगस्ट संपता संपता. मधल्या काळात संहितेत रोज काहीतरी बदलावंसं वाटतं. तालमीत नट नवीन वाक्यं घालतात. म्हणून आधी निदान महिनाभर तालीम करा, नाटक बसू द्या, आणि मगच संहिता टाइप करून पाठवा.

बेडकाच्या पिल्लाच्या भूमिकेत खरंच एखादी लहान मुलगी घ्यावी असं आमच्या मनात होतं. तिचं पाठांतर झालंही होतं. पण बालकामगार कायद्याचे २०१७ चे सुधारित नियम वाचले आणि थांबलो. पैसे घेऊन होणाऱ्या कार्यक्रमात मूल असेल तर जिथे कार्यक्रम आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि तिच्या मिळकतीचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावानं मुदत ठेवीत. नियम योग्यच आहेत, आणि रोज गाव बदलणाऱ्या दौऱ्यात तिची शाळा बुडवणं मलाही पटत नव्हतं. पिल्लू आमच्या सगळ्यात बुटक्या नटानं केलं. त्या मुलीचं नाव मात्र प्रत्येक प्रयोगाआधी आम्ही घेत होतो, कारण पिल्लाची चाल तिनंच शोधली होती.

पुढची पायरी शाळांची. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्या नावे अर्ज, त्याच्या प्रती गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांचं मिळून एक 'केंद्र' असतं, त्याचे प्रमुख). आश्रमशाळांचा रस्ता वेगळा. तिथे आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जावं लागतं. एकट्या गडचिरोली जिल्ह्यात गडचिरोली, अहेरी आणि भामरागड अशी तीन प्रकल्प कार्यालयं आहेत आणि कुठली आश्रमशाळा कुणाकडे हे आधी विचारून घ्यावं लागतं. अर्जासोबत आम्ही जोडलं ते असं: संहितेचं प्रमाणपत्र, संस्थेचं नोंदणीपत्र, सगळ्यांची नावं आणि आधारच्या प्रती, गाडीचा क्रमांक, नाटकाचा अर्ध्या पानाचा गोषवारा. आणि एक वाक्य ठळक: विद्यार्थ्यांकडून कोणतंही शुल्क घेतलं जाणार नाही. या वाक्यानं निम्म्या शंका तिथंच मिटतात.

एका कार्यालयात आमचा अर्ज सापडेचना. दोनदा चकरा मारल्यावर तिथल्या आवक टेबलावरच्या बाईंनी सांगितलं, "पोचीची झेरॉक्स दाखवा जी, नंबर असन तं लगेच काढून देतो." पोच होती, म्हणून अर्ज निघाला. पोचपावतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक तिन्ही हवेत. फोनमध्ये फोटो आणि फाईलमध्ये झेरॉक्स, दोन्ही ठेवा, कारण आतल्या गावांत गेल्यावर फोनची बॅटरी आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो.

वरून परवानगी आली तरी प्रयोग ठरतो तो मुख्याध्यापकांशी बोलून. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष गावातलेच कुणाचे तरी वडील असतात, त्यांनाही भेटावं. सप्टेंबरमध्ये मी आणि आमचा ढोलकीवाला मोटारसायकलवर जमेल तितक्या शाळा आधी बघून आलो. हा खर्च वाया जात नाही. मैदानाच्या मधोमध ध्वजस्तंभ आहे का, सावलीचं झाड कुठल्या बाजूला, गाडी फाटकातून आत येते का, वीज आहे का, बाईमाणसाला जाता येईल असं संडास उघडं असतं का की किल्ली सरपंचाकडे असते, हे सगळं एका वहीत लिहिलं. पुढे तीच वही सर्वात जास्त उपयोगी पडली.

वेळापत्रकाचं सांगते, कारण बाहेरचे गट इथेच अडकतात. पुण्या-मुंबईकडे शाळा जूनच्या मध्याला भरतात, आमच्याकडे उन्हामुळे उशिरा. जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी, म्हणजे लावणी, असते आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा पावसाळा सोडूनच द्यायचा. दिवाळीच्या आगेमागे हलक्या धानाची कापणी, मग भारी धानाची. त्या दिवसांत मोठी पोरं शेतावर असतात किंवा घरी धाकट्यांना सांभाळतात. पश्चिम विदर्भात हीच गोष्ट कापूस वेचणीची. आम्ही ठरवलं होतं, दिवाळीची सुट्टी संपली की निघायचं. तेवढ्यात १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. शाळा म्हणजे मतदान केंद्रं, गुरुजी निवडणुकीच्या कामावर. एकही मुख्याध्यापक तारीख द्यायला तयार नव्हते आणि त्यांचं बरोबरच होतं. ते पाचेक आठवडे फार जड गेले. दोन नटांना नागपुरात दुसरं काम आलं होतं आणि त्यांना थांबवून ठेवायला माझ्याकडे पक्की तारीख नव्हती. ते थांबले, याचं ऋण मोठं आहे.

पहिला प्रयोग सोमवारी, २५ नोव्हेंबरला नागभीड तालुक्यात झाला.

मुख्याध्यापकांनी पोचल्या पोचल्या सांगितलं, "अकरा ते साडेबारा तुमचा टाइम. मंग खिचडी. खिचडीच्या मांगं कोणी बसत नाही जी." हे पुढे प्रत्येक शाळेत खरं ठरलं. पोषण आहाराची खिचडी शिजत आली की वासानंच पोरांचं लक्ष उडतं, आणि त्यातली काही सकाळी नुसता चहा पिऊन आलेली असतात. म्हणून नाटक जेवणाच्या आधी संपलं पाहिजे. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा पहाटेच निघावं लागतं. सूर्य पोरांच्या पाठीशी असावा, नटांच्या डोळ्यात गेला तरी चालेल. अंगणवाडीची लेकरं सगळ्यात पुढे बसवतात आणि मुखवटा बघून तीच रडतात. आम्ही मुखवटे पोरांसमोरच चढवायचो. आधी माझा चेहरा, मग अर्धा चेहरा आणि चोच, मग बगळा. एखाद्या लेकराला चोच हातात घेऊन बघू द्यायची. एवढ्यानं रडणं थांबतं.

सामान उतरवताना शिक्षक पोरांना वर्गात बसवायला बघत. आम्ही विनंती करून त्यांना बाहेरच राहू द्यायचो. बांबूची चौकट उभी राहते, तिला निळा पडदा बांधला जातो, त्याचा तलाव होतो, हे सगळं त्यांनी पाहिलेलं असलं की नाटकात तलाव आटताना ते जास्त जिवाला लावून घेतात. सिंदेवाहीकडच्या एका शाळेत तिसरीतल्या पोरानं स्वतः बांबूची गाठ मारली होती. नाटकात पडदा खाली ओढला गेला तेव्हा तो उठून उभा राहिला आणि कासवाला म्हणाला, "मी बांधून देतो, थांब." नटानं संवाद सोडला आणि थांबला. त्या पोरानं येऊन खरंच गाठ मारली. मग नाटक पुढे सरकलं.

झाडीपट्टीत नाटक करायचं म्हणजे जाणकारांसमोर करायचं, हे बाहेरून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. भाऊबीजेनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, आणि शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे दिवस सुरू होतात आणि देसाईगंज म्हणजे वडशातून निघालेल्या कंपन्या रात्र-रात्र नाटकं करत असतात. कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे यांना याच रंगभूमीसाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. शाळेच्या कुंपणाशी म्हातारी माणसं येऊन उभी राहत. एक बाबाजी म्हणाले, "नाटक रात्री रायते ना बाई, दिवसा कसं काय करून रायले?" संपल्यावर मात्र त्यांनीच ढोलकीवाल्याला बाजूला घेऊन ठेका कुठे जलद हवा ते मांडीवर वाजवून दाखवलं. आम्ही तो बदलला. या हंगामात स्पीकर, जनरेटर, गाड्या यांची मोठी ओढाताण असते, भाडंही वाढतं. जे काही भाड्यानं घ्यायचं ते गणपतीतच इसार देऊन ठरवा. आम्ही विजेवर विसंबलोच नाही: खांद्याला लावायचा चार्जिंगचा एक छोटा स्पीकर निवेदनासाठी, बाकी नटांचा गळा आणि ढोलकी. गावात रात्री प्रयोग करायचा असेल तर मात्र पोलीस ठाण्यात ध्वनिक्षेपकाचा अर्ज द्यावा लागतो आणि रात्री दहाला आवाज बंद.

पैशांचं सरळ सांगते. पिकअप गाडी चालकासह दिवसाला साडेतीन हजार, डिझेल वेगळं. नटांना प्रयोगाचे सातशे, जेवण-मुक्काम गटाचा. म्हणजे एक दिवस चालवायला नऊ-साडेनऊ हजार लागत. तालुक्याच्या गावातल्या खासगी शाळा प्रयोगाचे सहा-सात हजार देत. एका दिवशी सकाळी-दुपारी असे दोन प्रयोग तिथे झाले की पुढच्या जिल्हा परिषद शाळेचा खर्च थोडाफार निघे. उरलेलं देणग्यांतून. देणगीदाराला आयकरात सवलत देणारी ८०जीची पावती हवी असते, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही, तेव्हा मोठी रक्कम बँकेतूनच घ्या. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी मागायचा तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. आमची नव्हती, म्हणून ते दार बंद राहिलं. एका कार्यालयानं मंजूर केलेली छोटी रक्कम मार्च संपेपर्यंत आली नाही. नटांच्या मानधनाची पाकिटं अशा पैशांवर अवलंबून ठेवू नका. पुढच्या आठवड्याचा खर्च हातात असल्याशिवाय गाडी काढायची नाही, हा आमचा नियम होता. आणि रोख रक्कम लागतेच. धानोऱ्याच्या पुढे कितीतरी ठिकाणी फोनवरून पैसे जात नाहीत.

डिसेंबरचा पहिला आठवडा आम्ही ब्रह्मपुरी-आरमोरीकडेच ठेवला होता. माओवादी तेव्हा २ ते ८ डिसेंबर नक्षल सप्ताह पाळत, त्या दिवसांत आतल्या रस्त्यांवर एसटीसुद्धा कमी होते. त्यानंतर कुरखेडा-कोरची. तिथे २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्ती फिरतात आणि ब्रह्मपुरीच्या जंगलपट्ट्यात वाघाची भीती कायमची. संध्याकाळी पाचनंतर गाडी रस्त्यावर नको, हे आमच्या गाडीवाल्या दादांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत पाळलं, अगदी एखाद्या गावात चांगल्या जेवणाचा आग्रह झाला तरी.

मुक्काम बहुतेक शाळेच्या वर्गात, कधी ग्रामपंचायतीत, कधी गुरुजींच्या घरी. आम्ही दोघी बायका होतो. आश्रमशाळेत अधीक्षिका बाईंच्या खोलीत किंवा मुलींच्या वसतिगृहात आमची सोय व्हायची, पण त्यासाठी परवानगीच्या पत्रातच आमची नावं तशी लिहून घ्या. ऐनवेळी तोंडी विचारलं तर त्यांनाही अडचण होते. गटातले पुरुष अंधार पडल्यावर वसतिगृहाच्या आवारात जात नसत, हेही आधीच ठरलं होतं. सॅनिटरी पॅड पूर्ण दौऱ्याचे घरूनच न्या, सोबत जुनी वर्तमानपत्रं. मच्छरदाणी प्रत्येकाला एक. गडचिरोलीत मलेरिया आहे, आमच्या एका नटाला थंडी वाजून ताप भरला तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच रक्त तपासलं, गोळ्या दिल्या. त्याचं काम चार दिवस ढोलकीवाल्यानं केलं आणि ढोलकी एका शिक्षकांनी वाजवली.

२६ डिसेंबरला रात्री डॉ. मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली. १ जानेवारीपर्यंत राष्ट्रीय दुखवटा होता. त्या आठवड्यातले प्रयोग मुख्याध्यापकांनी पुढे ढकलायला सांगितले आणि आम्ही घरी आलो. जानेवारीत मग केंद्राची आणि तालुक्याची क्रीडा संमेलनं लागली. त्या दिवसांत शाळेत अर्धे शिक्षक आणि अर्धी पोरं नसतात. केंद्रप्रमुखांकडून त्या तारखा आधीच लिहून आणा. आणि दौऱ्यात दर दोन आठवड्यांनी दोन दिवस मोकळे ठेवा. ते हमखास कशाला ना कशाला लागतात.

जानेवारीच्या मध्यावर चामोर्शी, आष्टी करत आलापल्लीला पोचलो. तिथे टाकी भरून घेतली आणि भामरागडच्या रस्त्याला लागलो. वाटेतल्या पोलीस मदत केंद्रांवर थांबून पत्र दाखवायचं, नावं लिहायची. कुठेही त्रास झाला नाही.

त्या भागातल्या पहिल्या आश्रमशाळेतला प्रयोग मला आयुष्यभर पुरेल. पहिली-दुसरीची पोरं माडिया, म्हणजे तिथल्या आदिवासींची भाषा, बोलणारी, मराठी नुकतीच कानावर पडू लागलेली. आमच्या ज्या जागांवर नागभीडपासून हशा येत होता, तिथे शांतता. पोरं बघत होती, डोळे हलत नव्हते, पण कुणी हसेना. दहाएक मिनिटांनी शाळेतले कामाठी (मदतनीस) भाऊ मुख्याध्यापकांशी काहीतरी बोलले आणि सरळ येऊन आमच्या चौकटीशेजारी उभे राहिले. बेडकाचं वाक्य झालं की ते माडियात सांगू लागले. आधी एकेक वाक्य. मग त्यांनी बेडकाला उत्तर द्यायला सुरुवात केली. मग बगळ्याला, म्हणजे मला, काहीतरी विचारलं. मला कळलं नाही, मी मान वाकडी करून चोच वाजवली, आणि सगळं मैदान हसलं. त्यानंतर आम्ही त्यांच्या मागून चालत होतो. पन्नास मिनिटांचं नाटक सव्वा तास चाललं. संपल्यावर एक मुलगी माझ्याजवळ आली आणि चोचीकडे बोट दाखवून मला कितीतरी वेळ काहीतरी सांगत राहिली. भाऊंनी अर्थ सांगितला: तिच्या गावच्या नाल्यावर बगळे येतात आणि ते इतके बोलत नाहीत.

त्या रात्री जेवताना भाऊ आमच्याजवळ बसले. भात आणि आंबाडीची भाजी होती. मी त्यांना मानधनाचं पाकीट दिलं, ते घेत नव्हते. नट म्हणून सही करा म्हटल्यावर घेतलं. तिथून पुढे प्रत्येक शाळेत आम्ही आदल्या दिवशी निरोप द्यायचो की पोरांची भाषा बोलणारं कुणीतरी हवं. कधी स्वयंपाकी ताई उभ्या राहिल्या, कधी नववीतला मुलगा. त्यांना सकाळी गोष्ट एकदा सांगून ठेवायची, संहिता हातात द्यायची नाही. पाठ केलेलं बोलायला लागले की त्यांच्या बोलण्यातली मजा जाते.

त्या वर्षी बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ ला होती, नेहमीपेक्षा लवकर. म्हणून आश्रमशाळांचे प्रयोग जानेवारीअखेरच संपवले. नंतर महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याची जत्रा, तेव्हा त्या पट्ट्यात भाड्याची गाडी मिळणं अवघड. आणि मार्चपासून मोहफुलं पडायला लागली की पोरं पहाटेपासून रानात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चामोर्शी तालुक्यातल्या एका शाळेत शेवटचा प्रयोग करून आम्ही परतलो.

परतल्यावरचं काम लगेच करा. प्रत्येक शाळेकडून शिक्क्यासह प्रयोग झाल्याचं पत्र तिथल्या तिथेच घेतलेलं असावं. देणगीदारांना आणि लेखापरीक्षणाला तेच लागतं. डिझेलच्या पावत्या उष्णतेनं पुसट होतात, त्यांची झेरॉक्स काढून ठेवा. पडदे धुवून, पूर्ण वाळवून ट्रंकेत, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. परवानगी देणाऱ्या सगळ्या कार्यालयांना एका पानाचा अहवाल पाठवा, पुढच्या वर्षी त्याच टेबलावर जायचं असतं.

पुढच्या नाटकाची गोष्ट आम्ही अजून लिहिलेली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत कामाठी भाऊ चार दिवस ब्रह्मपुरीला येणार आहेत. ती गोष्ट यावेळी माडियातून सुरू करायची आणि मराठी नंतर घालायची, असं ठरलंय. मंडळाकडे संहिता दोन भाषांत कशी द्यायची, त्याची चौकशी मी सुरू केली आहे.